टाइम मारामारीचा दुसरा भाग

सकाळचा चहा होईस्तोवर त्र्यंबकरावांनी अश्मयुग रिकामं केलं होतं. कवट्या फुटल्या, माणसं कड्यावरून गेली, रक्ताचे लाल चौकोन टीव्हीभर उडाले. मग त्यांनी चहा बशीत ओतला.

चौऱ्याण्णव साल. या व्हिडिओ गेमचा पहिला भाग त्यांनी एकट्यानं संपवला होता, आणि ते ठाऊक नाही असं वर्तकनगरच्या त्यांच्या बिल्डिंगीत कुणी उरलं नव्हतं. आता दुसरा भाग आलेला. खालच्या मजल्यावरच्या श्रीपादनंही तो आणलेला. त्याच्याआधी संपवला नाही, तर जिना कुठल्या तोंडानं उतरायचा, एवढाच त्र्यंबकरावांपुढे प्रश्न होता.

अडचण एकच. या भागात शेवटचा काळदरवाजा उघडायला दोन दांडे एकदम ओढावे लागत, म्हणजे खेळाडू दोन हवेत. म्हणून दुसरा रिमोट त्यांनी बायकोच्या हाती दिला होता.

सुमतीबाई मेथी निवडावी तशा निवांत माणसं मारत. किल्ल्यांच्या काळात त्यांनी तोफेनं अख्खा बुरूज शिपायांसकट उडवला आणि विचारलं, "मी गॅस बंद केलेला ना?" तेवढ्यात एका भालाईतानं त्यांना भोसकलं. त्या परत उठल्याच नाहीत.

"अहो, माझे जीव शिल्लक होते की!"

"होते. माझे संपले, मग तुझे घेतले. बटण दाबलं की घेता येतात."

"विचारलंत?"

"घाईत होतो गं."

"बँकेनं मला कल्याणला बढती दिलेली. तुम्ही परस्पर नाही म्हणून कळवून आलात. तेव्हाही घाईतच होतात."

यावर त्र्यंबकरावांनी खेळ पहिल्यापासून लावला.

या भागात सोबत्यालाही मारता येतं, हे श्रीपाद म्हणाला होता. त्याचा उपयोग काय, ते सुमतीबाईंना आत्ता कळलं. अश्मयुगात त्यांनी नवऱ्याचं डोकं दगडानं ठेचलं. किल्ल्यावर कुऱ्हाडीनं उभे दोन तुकडे केले.

"चुकून लागलं हं," त्या दर वेळी म्हणाल्या.

शेवटच्या युगात राक्षसानं त्र्यंबकरावांचा उरलासुरला जीव टाचेखाली चिरडला. बाईंकडे एक जादा होता. त्र्यंबकरावांचा अंगठा सवयीनं बटणावर गेला. बाईंनी नुसती मान वळवली. अंगठा थबकला.

"अगं... एक घेऊ का?"

"नाही."

आणि त्या एकट्याच राक्षसावर तुटून पडल्या. हात तोडले, डोळे फोडले, शेवटी मुंडकं उडवून धडावर उभ्या राहिल्या. दरवाजा मात्र बंदच.

"आता घ्या," त्या म्हणाल्या. "दांडा ओढायला माणूस लागतो म्हणून."

त्र्यंबकराव जिवंत झाले. दोघांनी दांडे ओढले, दरवाजा उघडला, बाईंची तलवार फिरली आणि नवऱ्याचं डोकं उंबऱ्याच्या अलीकडेच राहिलं. धड चार पावलं चाललं, मग तेही बसलं. बाई एकट्या पलीकडे गेल्या. टीव्हीवर फटाके फुटले.

"काका, संपला वाटतं!" खालच्या गॅलरीतून श्रीपाद ओरडला. "कोणी संपवला?"

"आम्ही," त्र्यंबकराव खिडकीतून म्हणाले.

मागे कुणीतरी घसा खाकरला.

"म्हणजे, सुमतीनं."

"मोठ्यानं सांगा. ऐकू नाही गेलं त्याला," सुमतीबाई म्हणाल्या. रिमोट त्यांनी अजून खाली ठेवला नव्हता.