नळीतला बोळा

कुंडलिकानं ज्या इंजिनावर पोटच्या पोरासारखी माया केली, त्याच इंजिनानं त्याला भर दुपारी तोंडघशी पाडलं होतं.

इंजिन होतं उत्रोलीच्या आनंदरावांच्या मोटारीचं. भोर ते विंझर उतारू नेणारी ही मोटार ते स्वतःच चालवायचे. दोन वर्षांमागं, आषाढात, नदीच्या उतारात, पाण्यातून पल्याड जायच्या उथळ जागी, ती ऐन मधोमध बंद पडली. आनंदराव कमरेभर पाण्यात उभे राहून ढकलत राहिले. शेवटी लोकांनी बैल जुंपून ती मागं, अलीकडच्या काठावर ओढून काढली. मोटार गोठ्यात आली आणि आनंदरावांनी अंथरूण धरलं. त्या तापातून ते उठलेच नाहीत.

त्यांचा धाकटा भाऊ रखमाजी तेव्हापासून हात धुऊन मागं लागला होता, मोटार भंगारात घाला म्हणून. शेवटी आनंदरावांच्या बायकोनं, धोंडाबाईनं, भोरच्या कुंडलिक मिस्त्रीला बोलावलं. त्याच्या हातात पहिल्यांदा पाना दिला तो तिच्या नवऱ्यानंच.

"नीट कर," ती म्हणाली. "विंझरला जाऊन आली तर ठेवीन. न्हाई तर भावजी म्हनत्यात तसं. नुसती हुबी बघवत न्हाई मला."

कुंडलिकानं इंजिन पार सुटं केलं. दट्ट्यांना नव्या रिंगा, सांध्यांतून तेल गळू नये म्हणून नवी गॅस्केटं, सगळं मनासारखं. इंजिनाच्या अंगाला एक जाड नळी होती, खाली वाकलेली. तिच्यात फडक्याचा बोळा गच्च कोंबलेला. दुसरा कुणी असता तर उपसून फेकला असता. पण हा पडला आनंदरावांचा भक्त! मालकांनी घातलंय म्हणजे धूळ जाऊ नये म्हणूनच असणार. त्यानं नळी वरनं पुसली, बोळा अजून आत दाबला आणि बसवली जिथल्या तिथं.

हँडल मारताच इंजिन सुरू झालं खरं, पण घटकाभरात पुढून, मागून, सांध्यासांध्यातून तेल गळायला लागलं. कुंडलिकानं गॅस्केटं बदलली, बोल्ट आवळले, तरी तेच. आणि रखमाजीनं बोलावलेला पुण्याचा भंगारवाला उद्या सकाळी यायचा होता.

"का रं," रखमाजी तंबाखू मळत म्हणाला, "मोटार केलीस का तेलाचा घाना?"

कुंडलिकाला रडू यायचं बाकी राहिलं होतं. गळून गळून तेल किती उरलं ते बघायला त्यानं वैतागून चालत्या इंजिनाचंच तेलाचं झाकण उघडलं, तर भस्सकन गरम धूर तोंडावर आला. आणि खालची गळती थांबली! झाकण लावलं, गळती सुरू. काढलं, बंद.

"आयला!" तो नळीकडं वळला.

रिंगा कितीही चांगल्या असोत, पेट्रोलच्या स्फोटाचा थोडा धूर त्यांच्या बाजूनं खालच्या तेलात उतरतोच. त्याला बाहेर पडायला वाट लागते. ती वाट म्हणजे ती नळी. वाट बुजली की धूर आत कोंडतो आणि सापडेल त्या फटीतनं तेल बाहेर ढकलतो. गॅस्केटांचा काय दोष!

त्यानं पकडीनं बोळा ओढला. काळं मिट्ट फडकं लांबच लांब येत गेलं. आतली घडी मात्र लाल होती.

ताक घेऊन आलेली धोंडाबाई जागीच थबकली.

"ह्यांचं मुंडासं," ती म्हणाली. "उताराला आलो की नळी बुजवायचे, पानी आत जाऊ नये म्हून. पल्याड गेलं की आदी बोळा काढायचे, मग बाकीचं. त्या दिशी घाईत डोईवरचंच फाडलं. म्या ओरडले बी, अवो, नवं हाय की ते!" तिनं फडकं हातात घेतलं. "गाडी पल्याड गेलीच न्हाई. काढनार कुठनं?"

फडकं तिनं पिळलं, घडी केली आणि कनवटीला लावलं.

नळी मोकळी झाल्यावर इंजिनानं तेलाचा थेंब टाकला नाही. रखमाजी दोनदा वाकून बघून गेला. धोंडाबाई पुढं, आपल्या जुन्या जागेवर बसली आणि मोटार विंझरच्या वाटेला लागली.

उतारात गुडघाभर पाणी होतं. कुंडलिक थांबला. तिनं कनवटीचं फडकं काढून दिलं. त्यानं नळी बुजवली आणि मोटार पाण्यात घातली. ऐन मधोमध धोंडाबाईनं डोळे मिटून घेतले. इंजिन चालत राहिलं.

पल्याडच्या काठावर कुंडलिक घाईनं उतरायला लागला.

"तू बस," ती म्हणाली. ती खाली उतरली, लुगडं सावरून वाकली आणि बोळा स्वतःच्या हातानं ओढून काढला.

"आलो वो पल्याड," ती म्हणाली. मग डोळे पुसून कुंडलिकाकडं वळली. "घरी गेलं की भावजींना सांग, भंगारवाल्याला येऊ नगं म्हनावं."