बारा पॅनेल

लहूने सोलर पॅनेल उलटं केलं आणि मागच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"कुठला आकडा धरलास?"

"एक्केचाळीस व्होल्ट," इंजिनियर म्हणाला. "एका रांगेत बारा पॅनेल. चारशे ब्याण्णव. इन्व्हर्टरचं मशीन सहाशे झेलतं, काका."

"एक्केचाळीस लोडवर. खालचा वाच. एकोणपन्नास. सकाळी मशीन वीज ओढायला लागायच्या आधी हा आकडा उभा असतो. गुणिले बारा?"

"पाचशे अठ्ठ्याऐंशी. बसतं की."

"पंचवीस डिग्रीला बसतं. जानेवारीत सकाळी पंधरा असतात. पॅनेल गार, की व्होल्टेज चढतं. सहाशेच्या वर गेलं की मशीन खलास, आणि कंपनी भरून देणार नाही. अकरा लाव."

"मुंबईत कुठली थंडी, काका? कुठल्या कॉलेजात होतात?"

"मिलमध्ये वायरमन होतो."

गच्चीवर जमलेले म्हातारे आकाशाकडे बघत राहिले. त्यांच्या गिरणीच्या जागेवर मॉल झाला. कामगारांना मिळाली घरांच्या लॉटरीतली ही बावीस मजली पेटी, आणि लॉटरीला संपवाला काय नि संपफोड्या काय, सारखेच. दोनातली एक लिफ्ट विजेच्या खर्चापायी बंद होती. ती आता सोलरवर चालायची होती.

सोसायटीची सेक्रेटरी दमयंती कठडा धरून उठली. गुडघे गेलेले, राहायला चौदाव्या मजल्यावर. तिने पट्टी वाचली आणि इंजिनियरच्या कागदावर स्वतः गुणाकार मांडला.

"वहिनी, तुमच्यासाठीच सांगतोय," लहू म्हणाला. "ही लिफ्ट पुन्हा बंद पडली तर..."

"बघितला हिशोब. बरोबर आहे तुझा."

लहूचे खांदे सैल पडले. लॉटरी लागल्यापासून ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलत होती.

"ब्याऐंशीच्या संपातही तुझा हिशोब बरोबरच होता," ती म्हणाली. "पोलिसांच्या गाडीतून कामावर जायचास. आमच्या चुली गार, नि तुझ्या खोलीतून मटणाचा वास."

"चार पोरं होती घरात."

"माझी दोन होती. एकच राहिलं."

इंजिनियरने दोघांकडे बघितलं, मग पट्टीकडे.

"मावशी, काका म्हणतायत त्यात तथ्य आहे. अकरा करू का? सोपं आहे."

"तो म्हणतो म्हणून?"

तिने कागद कठड्यावर ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून तळहाताने दाबला आणि सही केली.

"बारा लाव."