अकरा गाठींची दोरी

नातीचे पुढचे दोन दात पडले, त्या वर्षी फक्कीआबा पहिल्यांदा विमानात बसले. दातांच्या फटीतून फुसफुसत नात शेजारपाजारच्या प्रवाशांना सांगत सुटली होती, की आमचे आजोबा परदेशात फुटबॉल बघायला चाललेत. आजोबा मात्र मांडीवरची कापडी पिशवी दोन्ही हातांनी धरून बसले होते. जावयानं पिशवी वर ठेवायला मागितली. त्यांनी दिली नाही.

"सोनं घेऊन चाललात की काय, बाबा?" जावई म्हणाला.

सोनं नव्हतं. मळकी सुती दोरी होती. मीटराला एक, अशा अकरा गाठी मारलेली.

आबांनी तेहतीस वर्षं एकाच मैदानावर फक्की मारली होती. पांढऱ्या भुकटीच्या रेघा आखणं, हेच त्यांचं काम, म्हणून नावही तेच पडलं. बाकीच्या रेघांना खुंट्या पुरलेल्या असायच्या. पेनल्टीचा ठिपका तेवढा दर सामन्याला गोलपासून अकरा मीटर मोजून घालावा लागे. टेप होती, पण आबांना आकडे वाचता येत नव्हते. टेप नुसती पसरायची आणि पावलांनी मोजायचं, असं त्यांचं चाललं होतं. पण पावलं ती पावलंच. सकाळची लांब पडतात, दमल्यावरची आखूड. एकदा ठिपका हातभर चुकला. साहेबांनी बजावलं, पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस बघू.

पुढचाच सामना परदेशी पाहुण्यांशी होता. त्यांचं सामान सांभाळणारा एक जाड भिंगांचा माणूस आदल्या दिवशी मैदानात एकटाच बसला होता. त्यानं आबांना पावलं मोजताना पाहिलं आणि टेप पुढं केली. आबांनी ती उलटी धरली. भिंगवाला हसला नाही. सामानातली दोरी काढली, टेपला लावून अकरा गाठी मारल्या आणि दोरी आबांच्या हातात ठेवली. आबांची नोकरी त्या गाठींवर तरली.

मुलगी त्याच वर्षी पहिलीत गेली होती. आबा रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसायचे आणि दरडावायचे, "मोठ्यानं वाच. बोट ठेवून वाच." तिला वाटायचं, बाप अभ्यासाचा कडक. बाप तिच्या बोटामागून अक्षरं उचलत होता. ती तिसरीत जाईपर्यंत आबा टेपही वाचू लागले आणि पाटीही. घरात कुणाला कळलं नाही. पुढं तीच मुलगी परक्या भाषा शिकवायला लागली, आणि बापानं आपण कधीकाळी निरक्षर होतो हे तिला सांगायचं तसंच राहून गेलं. आधी लाज होती, मग सवय झाली.

भिंगवाल्याचं दर नवीन वर्षाला कार्ड यायचं. त्यावर फोटो आणि दोन ओळी असत. आबाही इकडून फोटो पाठवत. आता जावयाला सामन्याची तिकिटं मिळाली होती आणि भिंगवाल्याचं गाव तिथून तासाभरावर होतं. आबांना दोरी दाखवून एकदा आभार मानायचे होते. पण त्याची भाषा आबांना येत नव्हती. जे सांगायचं ते मुलीच्या तोंडूनच जाणार होतं. पिशवीचं ओझं त्याचंच होतं.

सामना झोकात झाला. जावई ओरडून ओरडून घसा बसवून बसला, नात अनोळखी आजीबाईंच्या गळ्यात पडून नाचली. गोल झाला तेव्हा आबा कोपऱ्यातल्या रेघेची धार बघत होते.

"काय हे बाबा, एवढ्या लांब आलो आणि गोल चुकवलात," मुलगी म्हणाली.

"रेघ बघ की. केसाएवढी हलली नाही," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते भिंगवाल्याच्या घरी पोचले. दारात एक वाळलेला म्हातारा काठी टेकून उभा होता. भिंगं तेवढी पूर्वीपेक्षा जाड. दोघांनी एकमेकांचे हात धरले ते सोडायची आठवणच राहिली नाही. त्याच्या बायकोनं टेबलभर जेवण मांडलं होतं: गरम पाव, मासे, कसलासा घट्ट रस्सा. जावई प्रत्येक वाटीत काय आहे ते विचारू लागला, तेव्हा नातीनंच सांगितलं, "बाबा, आधी खा, मग विचार." ती स्वतः तिसऱ्यांदा रस्सा घेत होती.

जेवणं झाल्यावर आबांनी पिशवीतून दोरी काढून टेबलावर ठेवली.

"सांग त्याला," ते मुलीला म्हणाले, "तेव्हा मला आकडे वाचता येत नव्हते. अक्षरंही नाही. यानं ओळखलं, पण कुणाला सांगितलं नाही. म्हणून आपली चूल पेटती राहिली."

मुलगी त्यांच्याकडं वळली.

"बाबा, माझी पुस्तकं तुम्ही..."

"तुझ्याबरोबरच शिकलो. आता सांग त्याला."

तिनं सांगितलं. भिंगवाल्यानं दोरी डोळ्यांजवळ नेली, गाठी चाचपल्या, डोकं हलवलं आणि बराच वेळ बोलला.

"त्यांना दोरी आठवत नाही म्हणतात," मुलगी म्हणाली. "त्या दिवशी त्यांना ताप होता आणि संघ फिरायला गेला होता. तुम्ही डब्यातला अर्धा भात दिलात आणि संध्याकाळपर्यंत जवळ बसलात, तेवढंच आठवतंय. आभार मानायचे राहिले होते म्हणे."

आबांना भात आठवत नव्हता. दोन्ही म्हातारे एकमेकांकडे बघून हसायला लागले, ते भिंगवाल्याला ठसका लागेपर्यंत.

घरामागं मुलांचं मैदान होतं. दुपारी तिथं सामना होता आणि पेनल्टीचा ठिपका पुसट झाला होता. भिंगवाल्यानं गोलच्या रेघेवर दोरीचं एक टोक धरलं. आबा दुसरं टोक घेऊन चालत गेले. मुलगी फक्कीची बादली घेऊन मागून गेली. अकराव्या गाठीशी आबा वाकले, तेव्हा तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही.

निघताना आबांनी दोरी तिथंच ठेवली.

पुढच्या वर्षी नवीन वर्षाच्या कार्डामागून एक पत्रही आलं. मुलीनं ते उघडलं आणि मनात वाचू लागली. आबा शेजारी येऊन बसले.

"मोठ्यानं वाच," ते म्हणाले. "बोट ठेवून."

तिनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. आबांनी त्या परक्या अक्षरांवर तिच्या मागोमाग आपलं बोट ठेवलं.

पत्रात लिहिलं होतं, भिंगवाले मार्चच्या नऊ तारखेला सकाळी आपल्या घरी वारले. त्या दुपारी मुलांचा सामना ठरल्याप्रमाणे झाला. ठिपका त्यांच्या बायकोनं दोरीनं मोजून घातला होता.