तिसरा बेत

कोचचे नेहमी तीन बेत तयार असायचे. पहिला सरळ खेळायचा, दुसरा गोल खाल्ला तर, आणि तिसरा पाणी नाकातोंडाशी आलं तर. तिसऱ्याबद्दल तो आधी कधीच बोलायचा नाही.

त्या दिवशी मध्यंतराला संघ दोन गोलांनी मागे होता. दोन्ही गोल समोरच्या स्ट्रायकरने मारले होते, आणि त्याला अडवायचं काम होतं स्टॉपरचं. पंचाईत अशी, की हा स्ट्रायकर म्हणजे स्टॉपरच्या ताईचा नवरा. मैदानात नातं मानायचं नाही, हे दोघांनी आजवर इमानाने पाळलं होतं. दुपारी एकमेकांच्या नडग्या फोडायचे आणि रात्री एकाच टेबलावर जेवायचे.

ड्रेसिंग रूममध्ये ओल्या मोज्यांचा आणि मलमाचा वास कोंडला होता. कोचने फळ्यावरची चुंबकं सरकवली, बचावाची ओळ मागे घेतली, डावीकडे एक माणूस वाढवला. सगळं कसं चोख, नाव ठेवायला जागा नाही. मग पोरं पाणी प्यायला पांगली, तसं त्याने स्टॉपरला शॉवरच्या आडोशाला घेतलं. त्याचं म्हणणं असं, की हा स्ट्रायकर आज फळ्यावरच्या आखणीने आवरायचा नाही. पण डोक्याने तापट आहे. त्याने एकदा हात उचलला, की लाल कार्ड.

"एवढंच म्हणायचं," कोच हळूच म्हणाला, "पोर टिकवता आलं नाही, बॉल काय टिकवणार."

गेल्याच महिन्यात ताईचं बाळ पोटातच गेलं होतं. बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, अशी तिने शपथ घातली होती. पण रजा मागताना कोचने कारण विचारलं आणि स्टॉपरने सांगून टाकलं. तेव्हा याच माणसाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून डोळे पुसले होते. डोळे पुसता पुसता मेल्याने ते जपून ठेवलं, पुढे कधी उपयोगी पडेल म्हणून.

"थू तुमच्यावर," स्टॉपर म्हणाला. "कापलंत तरी मी हे बोलणार नाही."

कोच चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसती मान डोलावली आणि चाबऱ्याला मैदानात उतरायला सांगितलं. चाबऱ्या हा राखीव स्टॉपर. तोंडाला फाटका, म्हणून हे नाव. तो आधीच बुटांच्या नाड्या आवळून बसला होता, आणि स्टॉपरशी नजर मिळवत नव्हता. म्हणजे आपण नाही म्हणू, हेही या कोचने आधीच धरून ठेवलं होतं. स्टॉपरला त्या खोलीतला वाससुद्धा सहन होईना.

भाऊजींना सावध करायला तो बाकावरून ओरडला, पण त्या गोंगाटात कोण ऐकतंय. पहिल्याच कॉर्नरला चाबऱ्या स्ट्रायकरला जाऊन चिकटला आणि त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटला.

स्ट्रायकर जागीच थांबला. त्याने चाबऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो वळला आणि सरळ स्टॉपरकडे बघत राहिला. गोष्ट घरातली होती, आणि या बाकावर घरचा माणूस एकच होता. चालू खेळ सोडून तो मैदान ओलांडत आला आणि त्याने स्टॉपरच्या कानफटात लगावली.

रेफ्रीने लाल कार्ड काढलं. कोचने लगेच हातवारे करून बचावाची ओळ पुढे ढकलली, आणि मग स्टॉपरच्या पाठीवर थाप मारली.

"न बोलता काम केलंस की," तो म्हणाला.

स्टॉपरने तो हात झटकला आणि भाऊजींच्या मागे धावला. ते आतल्या बोळात बूट सोडत बसले होते.

"मी नाही बोललो, भाऊजी. मी फक्त कोचला सांगितलं होतं."

त्यांनी दुसऱ्या बुटाची नाडी ओढली.

"वर गॅलरीत तुझी ताई बसलीय. तिने सगळं बघितलंय. मी तुला का मारलं, हे ती विचारेल," ते म्हणाले. "तूच सांग तिला."