पिल्लाची एकादशी

सेलूच्या तानबा दुकानदाराच्या पडवीत लव्हबर्डांचा पिंजरा होता आणि पिंजऱ्यात टांगलेल्या मडक्यात पाच अंडी. चार फुटलीच नाहीत. पाचव्यातून करंगळीच्या पेराएवढं गुलाबी पिल्लू निघालं आणि दुसऱ्याच दिवशी आईनं त्याला मडक्याबाहेर लोटलं. तानबानं परत ठेवलं. तिनं परत लोटलं. बाप तर फिरकलाही नाही.

"जन्मदाती असं काऊन करते वं?" तानबानं बायकोला विचारलं.

"तिलेच इचारा," मंदाबाई म्हणाली. "नातवाचं लंगोट कधी बदललं नाई, आता पाखराची आई व्हा."

तो झालाही! वर्ध्याच्या पाखरंवाल्या भूपेंद्रकडून पिल्लांच्या पिठाचा डबा आला. पीठ कोमट पाण्यात कालवायचं, सुई काढलेल्या सिरिंजनं थेंब थेंब भरवायचं, गळ्याजवळची पिशवी रिकामी झाली की पुन्हा भरवायचं. उबेला खोक्यात पिवळा बल्ब. त्या पिशवीचं तर तानबाला वेडच लागलं. कातडी इतकी पातळ की खाल्लेलं बाहेरून दिसे. गिऱ्हाईक साखरेसाठी ताटकळत उभं आणि दुकानदार भिंग घेऊन खोक्यात वाकलेला. डोळे अजून उघडले नाहीत, तरी घास कुठून येतो हे याला कळतं कसं? कोणी सांगितलं असेल?

सहाव्या दिवशी एकादशी आली. तानबाच्या घरात त्या दिवशी धान्य शिजत नसे. सकाळी सून सपनानं सहज डब्यावरचं वाचलं, "मका, सोयाबीन, गहू..."

तानबाचा हात थांबला. "आज हे नाई."

"मामाजी, पाखरू हाय ते."

"हाय ना. पण या घरातलंच हाय."

त्यानं साबुदाण्याची पेज गाळून घेतली. पिल्लू मान हलवत हलवत प्यालं. "पाहा, एकादस करून राह्यलं!" तानबाला कोण कौतुक!

दुपारी भिंग लावलं तर पिशवी सकाळसारखीच तट्ट. बोटाला कडक लागली. पिल्लू चोचही उघडेना. तानबानं भूपेंद्रला फोन लावला.

"काय भरवलं, काका?"

"साबुदाणा."

भूपेंद्र ओरडलाच. "खळ करून भरली तुमी त्याच्या गळ्यात! कोमट पाण्याचे दोनच थेंब द्या, जास्त झालं तर श्वासात जाईल. मंग बोटानं हळू चोळत राहा. दिवेलागणीनंतर घंटाभरात उतरलं तर ठीक, नाईतर कठीण हाय."

संध्याकाळी विठ्ठल मंदिरात कीर्तन. एकोणीस वर्षांत तानबाची एकही एकादशी चुकली नव्हती. पुढच्या रांगेत, हातात झांज, ही त्याची जागा.

"जा तुमी, मी चोळते," मंदाबाई म्हणाली.

"भरवलं मी. मीच बसतो."

भोंग्यातून बुवांचा आवाज पडवीत येत होता. पूर्वरंग सुरू झाला. तानबाची करंगळी दुपारपासून त्या पिशवीवरून गोल गोल फिरत होती. बुवांनी अभंगाची लय वाढवली तशी करंगळीही धावली.

"अवो, झांज नाई ते!" मंदाबाई ओरडली.

तो दचकून थांबला, पुन्हा सावकाश चोळू लागला. डोळे भिंगाला चिकटलेले. कातडीखाली पांढरा गोळा होता. त्याची एक कड विरघळत होती का? की भासच?

"मंदे, पाह्य बरं. कड सुटली काय?"

तिनं वाकून पाहिलं. "सुटली वाटते."

मंदिरात बुक्का लावायला कीर्तन थांबलं तेव्हा गोळा निम्मा झाला होता. उत्तररंग संपता संपता पिशवी सुरकुतून लोंबली. मग पिल्लानं चोच वासली आणि मिटल्या डोळ्यांनीच मान हलवायला सुरुवात केली. भूक लागली होती त्याला!

आता काय द्यायचं? द्वादशी उजाडून उपास सुटायला अख्खी रात्र आडवी होती. सपना डबा हातात धरून उभी. तानबानं तो तिच्या हातातून घेतला, पीठ स्वतः कालवलं, मनगटावर थेंब टाकून पाहिला.

मंदाबाईनं विचारलं, "अन् एकादस?"

"माह्यी हाय ना. याच्यावर मीच लादली व्हती," तो म्हणाला आणि सिरिंज पुढे केली.

मंदिरात आरती सुरू झाली. दोघी हात जोडून उभ्या राहिल्या. तानबाचे हात रिकामे नव्हते.