डाव्या डोळ्याचा नकाशा

सळ्यांची मोळी चार मजले वर लटकत होती आणि क्रेन चालवणाऱ्या थोरलीला हूक दोन दिसत होते.

तिने उजवा डोळा मिटला. तरी दोनच. उजवा उघडून डावा मिटला. एक.

एका डोळ्यावर, इंचाइंचाने, तिने मोळी खाली टेकवली. मग क्रेन बंद करून शिडी उतरली.

"काय झालं?" मुकादम धावत आला.

"डोळा दगा देतोय. आता वर चढणार नाही."

दहा वर्षांपूर्वी, एकोणिसाव्या वर्षी, तिच्या दोन्ही डोळ्यांवरचा पारदर्शक पडदा शंकूसारखा पुढे येऊ लागला होता. व्हिटॅमिनचे थेंब घालून, वरून अतिनील प्रकाश सोडून डॉक्टरीणबाईंनी तो कडक केला होता. आता तेच दुखणं धाकट्या बहिणीला निघालं होतं. उद्या तिच्यावर तोच उपचार होणार होता. धाकटी सारखी विचारायची, "ताई, तुला काहीच त्रास नाही ना?"

"ठणठणीत आहे गं!" डावा डोळा धूसर झाल्यापासून, गेले पाच महिने, हे धडधडीत खोटं होतं.

थोरली थेट दवाखान्यात गेली. धाकटी उद्याच्या उपचाराआधीच्या तपासणीसाठी तिथेच बसली होती.

"तू इथे कशी?"

"मलाही दाखवायचंय."

धाकटीचा चेहरा पडला.

डॉक्टरीणबाईंनी संगणकावर थोरलीच्या डोळ्यांच्या उंचवट्यांचे जुने-नवे नकाशे शेजारी शेजारी लावले. उजव्या डोळ्याचे दहा वर्षांत हलले नव्हते. डाव्यातला फुगवट्याचा लाल डाग मात्र पसरला होता.

"आठ वर्षं स्थिर होता. मग तू तपासणीला आलीच नाहीस," त्या म्हणाल्या. "डोळे चोळतेस?"

"साइटवर धूळ असते."

"म्हणजे चोळतेस. बहुतेकांचं एकदाच भागतं. काहींचा आजार पुन्हा डोकं वर काढतो. तुझ्या डोळ्यावरचा पडदा अजून पुरेसा जाड आहे, उपचार पुन्हा करता येईल. गेलेली नजर त्याने परत येईलच असं नाही. त्यासाठी कडक लेन्स लावून बघू."

धाकटी ताडकन उठली. "मला खोटं सांगत होतीस!"

"तू घाबरून पळाली असतीस."

"मग आत्ता काय करायचं मी? कुणावर विश्वास ठेवू?"

"उजव्या डोळ्यावर," थोरली म्हणाली. "त्याच उपचारावर तो दहा वर्षं टिकलाय. आज त्यानेच सळ्यांची मोळी उतरवली. खाली तीन माणसं होती."

धाकटीने उजव्या डोळ्याचे नकाशे पुन्हा ताडून पाहिले. मग खुर्ची ओढून डॉक्टरीणबाईंसमोर बसली. "दुखतं किती? किती वर्षं तपासायला यायचं? सगळं सांगा. हिच्यासारखी लपवाछपवी नको."

दुसऱ्या दिवशी ती उपचारासाठी आत गेली. पंधरवड्याने थोरलीचा डावा डोळा पुन्हा त्याच प्रकाशाखाली होता.

थोरली सात महिने जमिनीवरून दुसऱ्या क्रेनचालकाला इशारे देत राहिली, चरफडत. मग लेन्स बसली, नजरेची चाचणी झाली आणि ती पुन्हा केबिनमध्ये चढली. तपासणीची तारीख आता धाकटी ठरवते. दोघींची एकच. चुकवायची टाप नाही.