स्वप्नातली कबुली

शिरगावच्या शाळेत मास्तर मी होतो आणि शाळेच्याच खिडकीतलं पोस्टही मीच होतो. गावातल्या बायका मुंबईतल्या नवऱ्यांना पत्रं धाडीत. ती मी लिहीत असे, त्यांवर शिक्का मीच मारीत असे आणि उत्तर आलं की वाचूनही मीच दाखवीत असे. मुंबईच्या बाजूला व्यवस्था याहून मोकळी होती. परळला गावाची एक खोली होती, तीत सतरा गिरणीकामगार राहत. त्यांतला एकटा साक्षर माणूस जेवणाच्या पंगतीत प्रत्येकाचं पत्र मोठ्याने वाची. नवरा-बायकोतली गोष्ट अशी एकंदर एकोणीसजणांत राही.

एकतीस साली, पावसाळ्यासाठी बोटी बंद होऊन चार दिवस झाले असतील, लवू मांडवकराची बायको येसूबाई खिडकीशी आली. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि त्यांतले सारे मिळून पाच महिने नवरा घरी होता. तिला मुंबईला त्याच्याबरोबर राहायचं होतं. त्यासाठी लवूने गणपतीला येण्याआधीच वेगळी खोली बघायला हवी होती, नाहीतर आणखी एक वर्ष गेलं. मी कार्ड पुढे ओढलं, तर तिने त्यावर हात ठेवला.

"असं नका लिवू, मास्तरानू. सतराजनं जेवताना आयकतील. आनि हितं सासूला कळल."

त्याच आठवड्यात मी एका मासिकात एका परदेशी डॉक्टरचा लेख वाचला होता. काही माणसांना स्वप्नात असताना हे स्वप्न आहे असं उमगतं, आणि मग ती त्यात मनाला येईल ते करतात. मी गमतीने तिला हे सांगितलं. तिने ते बोटीचं वेळापत्रक ऐकावं तसं ऐकून घेतलं, रविवारी गिरणी बंद म्हणजे नवरा पहाटे निजलेला सापडेल असा हिशेब केला आणि विचारलं, "मंग शनवारी काय खायाचं?"

कॉलेजात दोन वर्षं काढलेल्या माणसाला माहीत नाही म्हणता येत नाही. मी सांगितलं: दिवस मावळायला जेवावं, नाचणीची अर्धी भाकरी, सुकट नको. पहिल्या कोंबड्याला उठून बैलाला गवत घालावं आणि पुन्हा घटकाभर पडावं. दिवसा मधूनमधून स्वतःला विचारावं, हे खरं की स्वप्न?

ती हे लावणीच्या चिखलात, ओणव्याने, मोठ्याने विचारू लागली. तिची सासू हौसा हिने दोनदा मिरच्या ओवाळून टाकल्या.

लवूलाही कार्ड गेलं: "रविवारी पहाटे पुन्हा निजावे, पोट हलके ठेवावे, स्वप्नात येसूबाई येईल." ते पंगतीत वाचलं गेलं. पुढच्या शनिवारी त्या खोलीतली सतराही माणसं अर्धपोटी निजली, असं मागाहून कळलं.

लावणीचे तीन आठवडे काही साधलं नाही. दिवसभर चिखलात वाकलेलं माणूस अंथरुणावर पडतं ते थेट उजाडतंच. चौथ्या रविवारी मात्र ती शाळा उघडण्याआधी खिडकीशी हजर. ती बोटीवर होती म्हणे, भर पावसाळ्यात, आणि डेकवर हौसा तिला बशीत चहा ओतून देत होती. तेवढ्यावरून तिने ओळखलं की हे स्वप्न आहे. मग तिने बोट सरळ परळला गिरणीच्या दारात लावली. लवू बाहेर आला. तिने खोलीचं सांगितलं. तो म्हणाला, "बघू."

"सपनात पन बघूच?" मी विचारलं.

"मानूस तोच हाय ना, मास्तरानू."

पण तिला आता वाट सापडली होती. पुढच्या रविवारी तिने त्याला बसवून ऐकवलं. त्याच्या पुढच्याला तिने त्याला समुद्रावरून उडवत गावी आणलं, देवळात उभं केलं आणि नारळावर हात ठेवायला लावून कबूल करून घेतलं. सोमवारी मी लिहिलं: "काल देवळात कबूल केले ते विसरू नये."

उत्तर आलं: "रविवारचे सर्व ध्यानात आहे. तसेच करतो."

लवू दर रविवारी असंच लिहवून धाडी. भेट झाली, बोलणे झाले, ठीक आहे. गणपतीला बोटी सुरू झाल्यावर तो उतरला, तो घरी न जाता आधी माझ्या खिडकीशी आला. इकडेतिकडे बघून त्याने हळूच विचारलं, "मास्तर, मी काय कबूल केलंय?"

पहिला शनिवार सोडला, तर दर शनिवारी गिरणीतून सुटलं की तो मटण-भात चापून मेल्यासारखा झोपे. एकही स्वप्न त्याला पडलं नव्हतं. पण बायकोचा हिरमोड कशाला, म्हणून हो ला हो. पोस्टाने टपालातला मजकूर फोडू नये असा नियम आहे, असं मी सांगितलं. शिवाय तो मजकूर टपालात नव्हताच.

मी त्याच्याबरोबर घरी गेलो. येसूबाईने तांब्या पुढे केला आणि विचारलं, "खोली बगितलीत?"

लवूने माझ्याकडे पाहिलं. मी छपराकडे.

"बगितली," तो म्हणाला.

"कनची खोली?" हौसाने आतून विचारलं. नवऱ्याने आता हो म्हटलं होतं, तेव्हा येसूबाईने शांतपणे सगळं सांगितलं. मी हौसाच्या तोंडाकडे बघत राहिलो. ती आधी हसली, मग नारळाची गोष्ट आली तशी थांबली.

"देवळात? हात ठेवून?"

"आई, ता सपनात," लवू घाईने म्हणाला.

"सपनातला देव दुसरा असतो काय रं?" हौसाने त्याला झापलं. "शपथ मोडलीस तर माज्या घराला लागंल. घेऊन जा तिला."

गौरी-गणपती बोळवल्यावर तिनेच सुनेचं बोचकं बांधलं. मधल्या आठ दिवसांत लवूने मुंबईला इतकी कार्डं धाडली की माझा शिक्का झिजला. अखेर चिंचपोकळीला एक खोली मिळाली, संडासाच्या शेजारची, पण दोघांची.

मी त्यांना पोचवायला बंदरावर गेलो आणि उतारूंना बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावातही बसलो. पडाव बोटीकडे निघाला, लाटेवर आपटला, आणि लवूने काठ धरून बायकोला विचारलं, "आजून काय काय कबूल केलंय मी?"

येसूबाईने पदर घट्ट खोचला. "खोलीवर गेल्यावर सांगते," ती म्हणाली.